अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट व्हायचंय: दोन वर्षांत काय शिकवतात आणि कुठे अडतं

प्रश्न असा आहे: पुण्याहून बी.कॉम. झालेल्या, सध्या न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंना मुलं शाळेत जायला लागल्यावर फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट, म्हणजे पीटीए, व्हायचं आहे. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आलेला नाही. अभ्यास झेपेल का, दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात आणि लायसन्स कसं मिळतं, हे त्यांना सविस्तर हवं आहे.

झेपतो. विज्ञानाची उणीव प्रवेशाआधीच्या विषयांत भरून निघते. विद्यार्थी गळतात ते बहुतेक दोन ठिकाणी: शरीररचना वरवर पाठ करून पुढे आलेले असतात तेव्हा पहिल्या तांत्रिक सेमिस्टरला, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत सुरक्षिततेची एखादी पायरी चुकते तेव्हा. या कोर्सात व्यायामांची यादी शिकणं हा सोपा भाग आहे. समोरच्या पेशंटला आज, या क्षणी, तो व्यायाम द्यायचा की थांबायचं, हे ओळखायला शिकणं हा खरा अभ्यास. खालचं सगळं त्याच अंगाने वाचा.

पीटीए काय करतो, काय करत नाही

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट पेशंटची पहिली तपासणी करतो, निदान आणि बरं होण्याचा अंदाज ठरवतो आणि उपचारांचा आराखडा लिहितो. पीटीए त्या आराखड्यातले उपचार प्रत्यक्ष करतो. ही पदवी १९६७ मध्ये सुरू झाली आणि पहिली पंधरा मुलं १९६९ मध्ये बाहेर पडली. आज या कामासाठी प्रत्येक राज्याचं लायसन्स किंवा प्रमाणपत्र लागतं. 'एड' किंवा 'टेक' म्हणून क्लिनिकमध्ये काम करणारी माणसं वेगळी. त्यांना लायसन्स नसतं. टेबल पुसणं, पेशंटला आणणं-नेणं, साहित्य लावणं ही त्यांची कामं. पगारातही मोठा फरक आहे: अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार पीटीएचा मध्य वार्षिक पगार सुमारे ६४ हजार डॉलर होता, एडचा त्याच्या जवळपास निम्मा.

पहिली तपासणी, निदान, आराखड्यात बदल आणि पेशंटला उपचारांतून मोकळं करण्याचा अंतिम निर्णय पीटीएच्या हातात नसतो. आराखड्याच्या चौकटीत मात्र त्याला बरीच मोकळीक असते. वजन एक किलोवरून दीड किलो करणं, दहाऐवजी पंधरा वेळा करून घेणं, दुखत असेल तर कमी करणं, 'वॉकरवरून काठीकडे' असं उद्दिष्ट लिहिलेलं असेल तर ते पाऊल टाकणं, हे सगळं पीटीए स्वतः ठरवतो. सांध्याचं मोबिलायझेशन, म्हणजे हाताने सांधा हलवून मोकळा करणं, किंवा जखमेतला मृत भाग धारदार हत्याराने काढणं अशा कामांवर राज्याराज्यांत वेगवेगळे नियम आहेत. आपल्या राज्याच्या बोर्डाचा कायदा पहिल्या सेमिस्टरलाच वाचून ठेवा.

आधी व्हिसा, मग कॉलेज

हे कॉलेजच्या आधी लिहायचं कारण इथेच पैसे आणि वर्षं वाया जातात. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पूर्ण वेळसुद्धा. नोकरीसाठी मात्र ईएडी, म्हणजे काम करण्याचं परवानापत्र, किंवा ग्रीनकार्ड लागतं. पीटीएच्या नोकरीला असोसिएट डिग्री पुरते, म्हणून एच-१बी साठी ती साधारणपणे बसत नाही. तिथे किमान बॅचलर्स लागणारं काम हवं असतं. फिजिकल थेरपिस्टना ग्रीनकार्डासाठी शेड्यूल ए नावाची वेगळी वाट आहे, असिस्टंटना ती नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलात तर डिग्रीनंतर एक वर्षाची ओपीटी, म्हणजे तात्पुरती कामाची परवानगी, मिळेल, पण त्यापुढे या पदावर टिकून राहायला नोकरीच्या बाजूने व्हिसा मिळणं कठीण. ज्यांच्याकडे ईएडी आहे, ग्रीनकार्ड आहे किंवा ते हातातोंडाशी आलं आहे, त्यांच्यासाठी हा कोर्स उत्तम. इतरांनी फी भरण्याआधी वकिलाशी बोलावं.

दुसरी अडचण कागदांची. एच-४ वर ईएडी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर सहसा नसतो, आणि काही हॉस्पिटलांची पार्श्वभूमी तपासणी आणि काही राज्यांचे लायसन्सचे अर्ज तो मागतात. प्रवेशाच्या वेळीच कॉलेजच्या क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटल-क्लिनिकमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, समन्वयकाला हे स्पष्ट विचारा. फेडरल आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही, आणि स्थानिक दराची फी लागू होईल का हे कॉलेज आणि राज्यावर अवलंबून असतं.

कॉलेज निवडताना एकच गोष्ट वाटाघाटीपलीकडची: कॅप्टी या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता. ती नसेल तर बहुतेक राज्यांत परीक्षेलाच बसता येत नाही. 'कॅंडिडेट' अवस्थेतल्या नव्या कोर्सची फी कमी असली तरी जोखीम तुमच्या अंगावर येते, कारण तुमची बॅच बाहेर पडेपर्यंत पूर्ण मान्यता मिळाली नाही तर डिग्री हातात असून उपयोग नाही. न्यू जर्सीत मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजसारखे सरकारी पर्याय आहेत आणि खासगी कोर्सच्या तुलनेत ते खूप स्वस्त पडतात. सगळं घरबसल्या होईल असा कोर्स मान्यताप्राप्त नसतो. हायब्रिड कोर्समध्ये लेक्चर ऑनलाइन असली तरी लॅब आणि क्लिनिकलला हजर राहावंच लागतं.

मान्यताप्राप्त कोर्सना आपले निकाल वेबसाइटवर टाकावे लागतात: किती जण पूर्ण करतात, किती जण लायसन्स परीक्षा पास होतात. तिथे 'अल्टिमेट पास रेट' म्हणजे अनेक प्रयत्नांनंतर पास झालेल्यांचा आकडा. तो जवळपास सगळीकडे चांगला दिसतो. पहिल्याच प्रयत्नात किती जण पास झाले ते पाहा, आणि सुरुवातीला बॅचमध्ये किती मुलं होती नि शेवटी किती उरली तेही पाहा. तीसपैकी अठराच शेवटपर्यंत पोचत असतील तर उरलेल्यांचं काय झालं, हे चौकशी सभेत बेधडक विचारा.

प्रवेशाआधीचे विषय

ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी भाग १ आणि २, दोन्ही लॅबसह. इंग्रजी निबंधलेखन, कॉलेज अल्जिब्रा किंवा स्टॅटिस्टिक्स, सामान्य मानसशास्त्र. काही ठिकाणी मेडिकल टर्मिनॉलॉजी, भौतिकशास्त्राची ओळख किंवा मानवी विकासाचा विषय. काही कॉलेजं टीस नावाची प्रवेशपरीक्षा घेतात. बऱ्याच ठिकाणी वीस ते चाळीस तास क्लिनिकमध्ये बसून निरीक्षण करायला लावतात आणि त्यावर थेरपिस्टची सही लागते. शक्य असेल तर हे तास दोन वेगळ्या जागी करा: एक बाह्यरुग्ण क्लिनिक, एक नर्सिंग होम किंवा हॉस्पिटल. फक्त क्लिनिक पाहिलेल्या मुलांना हे काम म्हणजे खांदे आणि गुडघे असं वाटतं, आणि पुढे पक्षाघाताचा पेशंट समोर आला की गडबडतात.

भारतातल्या डिग्रीचं मूल्यमापन करून घ्या. बी.कॉम. मधले अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कधीकधी मानव्यशास्त्राचे विषय मान्य होतात. इंग्रजी लेखन बहुतेक वेळा पुन्हा करावं लागतं. ॲनाटॉमीला 'मुदत' असते, पाच ते सात वर्षांपूर्वीचे मार्क बरीच कॉलेजं धरत नाहीत, म्हणून ती लवकर उरकून मग प्रवेशाची वाट पाहत बसू नका. जागा थोड्या असतात आणि ॲनाटॉमीतल्या ग्रेडला सगळ्यात जास्त वजन असतं. तिथे बी मिळत असेल तर दुसऱ्या विषयातल्या ए ने ती भरून निघत नाही.

ॲनाटॉमी पाठ करायची पद्धत आत्ताच नीट लावून घ्या. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणती हालचाल करतो, कोणती नर्व्ह त्याला चालवते: चार रकाने, प्रत्येक स्नायूचे. पण तो स्नायू स्वतःच्या किंवा घरच्या कुणाच्या अंगावर बोटाने शोधता आला नाही तर रकाना पूर्ण झाला असं मानू नका. पुढच्या दोन वर्षांत दररोज बोटं लागणार आहेत.

लसीकरणाच्या कागदांत भारतीय मुलांची एक ठरलेली अडचण होते. लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी असा फेरा सुरू होतो. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी, म्हणजे इग्रा, करून द्या. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे लसीचे जुने कागद सापडत नसतील तर रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी चालते. हिपॅटायटिस बी चे डोस नव्याने घ्यावे लागले तर ठरावीक अंतराने घ्यायचे असल्यामुळे ते काही महिने चालतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. याशिवाय बीएलएसचं (सीपीआरसारख्या तातडीच्या जीवरक्षणाचं) प्रमाणपत्र, ड्रग टेस्ट आणि पोलिस तपासणी.

तांत्रिक सेमिस्टर: हात तयार होतात ते इथे

प्रवेशाआधीचे विषय धरून कोर्स साधारण पाच सेमिस्टरचा होतो. ढोबळमानाने तीन चतुर्थांश वर्ग आणि लॅब, एक चतुर्थांश क्लिनिकल. पहिल्या तांत्रिक सेमिस्टरला कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), मोजमापं, पेशंट हाताळणी आणि कागदपत्रं. नंतर उष्णता, थंडी, विद्युत् उपचार, उपचारात्मक व्यायाम, अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय-फुप्फुसं, लहान मुलं, वृद्ध, कृत्रिम पाय, जखमा, आणि कायदा, नीतिमत्ता, विम्याचे नियम.

लॅबमध्ये मुलं एकमेकांवर सराव करतात. पाठ, खांदा, मांडी उघडी ठेवावी लागते, म्हणून शॉर्ट्स आणि स्पोर्ट्स टॉप नेहमीच्या कपड्यांत धरा. अंगावर चादर कशी घालायची, किती भाग उघडा ठेवायचा, हेसुद्धा गुण मिळणारं कौशल्य आहे. नखं बोटाच्या टोकाआत. बांगड्या आणि लांब मंगळसूत्र लॅबच्या दिवशी घरी ठेवा: बांगडी पेशंटच्या पातळ कातडीला ओरखडा काढते, आणि मंगळसूत्र पेशंटच्या हातात अडकतं.

मोजमापांत गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं यंत्र, आधी येतो. गुडघा वाकवण्याचं माप घेताना यंत्राचा मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर. स्थिर भुजा खुब्याजवळच्या मोठ्या उंचवट्याकडे. चल भुजा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंश वाकतो. चूक होते ती मध्य सरकल्यामुळे: पाय वाकत गेला की यंत्र हलतं आणि विद्यार्थी पुन्हा हाडं चाचपत नाही. ५ अंशांचा फरक शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटसाठी मोठा असतो, कारण त्यावर थेरपिस्ट आराखडा बदलतो.

स्नायूंच्या ताकदीची परीक्षा ० ते ५ अशी. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, पण त्यावर जराही जोर दिला तर टिकत नाही. विद्यार्थी ४ आणि ५ मध्ये गोंधळतात, त्यापेक्षा २ आणि ३ मधला गोंधळ जास्त नुकसानकारक. २ चा स्नायू तपासायला पेशंटची स्थिती बदलून गुरुत्व काढून टाकावं लागतं, आणि आळसाने ते केलं नाही तर नोंद खोटी ठरते.

आता एक प्रात्यक्षिक जवळून पाहू, कारण नापास होण्याची बहुतेक कारणं यात एकत्र सापडतात. डाव्या अंगाचा पक्षाघात झालेल्या पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं आहे. आत शिरताच हात धुवा, नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीतल्या माहितीशी ताडा, आज काय करणार ते सांगून परवानगी घ्या. चार्टमध्ये आजचं रक्तदाब, नाडी, डॉक्टरांच्या सूचना पाहिलेल्या असाव्यात. खुर्ची पेशंटच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाशी साधारण ४५ अंशात. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून खात्री करा. पायठेवणी वर करा किंवा बाजूला सारा. पेशंटच्या पायात घट्ट, न सरकणारे बूट. कमरेभोवती गेट बेल्ट, म्हणजे पेशंटला धरायचा पट्टा, आत दोन बोटं जातील इतका घट्ट.

पेशंटला पलंगाच्या काठावर बसवून थोडं थांबा. चक्कर येत असेल तर रक्तदाब घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर पुढे जाऊ नका. सगळं ठीक असेल तर पुढे सरकवा, पाऊल गुडघ्यांच्या थोडं मागे, चांगला पाय किंचित मागे. तुमच्या गुडघ्याने त्याचा डावा गुडघा अडवा, नाहीतर उभं राहताना तो कोसळतो. छाती पुढे झुकवायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकी. तीन मोजून उभं राहणं, उभं राहिल्यावर थांबणं, वळणं, खुर्चीचा हात उजव्या हाताने शोधून हळू बसणं. डाव्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. त्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, आणि ओढल्याने सांधा निसटतो. ते दुखणं महिनोन्महिने पुनर्वसन अडवून ठेवतं.

परीक्षक ब्रेक, बेल्ट, ओळख पटवणं आणि सांधा ओढणं या मुद्द्यांना 'क्रिटिकल' मानतात. बाकी सगळं उत्तम करून यातलं एक चुकलं तर प्रात्यक्षिक नापास. यात कठोरपणा नाही; पडलेल्या वृद्धाचा मोडलेला खुबा परत जोडताना काय होतं हे क्लिनिकलमध्ये रोज दिसतं. सरावासाठी नवऱ्याला, मुलाला, मैत्रिणीला पेशंट करा आणि पायऱ्या मोठ्याने बोलत करा. मनातल्या मनात केलेला सराव परीक्षेच्या ताणात टिकत नाही.

चालण्याच्या साधनांचे नियम छोटे, पण रोज लागणारे. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर, कोपर २० ते ३० अंश वाकलेलं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, कारण त्यामुळे खुब्याच्या बाजूच्या स्नायूंवरचा भार उतरतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चढताना तुम्ही पेशंटच्या मागे आणि किंचित बाजूला, उतरताना पुढे. पायावर किती भार टाकायचा हे डॉक्टर ठरवतात: अजिबात नाही, फक्त बोट टेकवणं, अंशतः, झेपेल तितका, पूर्ण. 'अंशतः' भार पेशंटला कळावा म्हणून सरळ घरगुती वजनकाट्यावर पाय ठेवून दाखवा. तोंडी सांगून कुणाला उमगत नाही.

उष्णता उपचारांत ओला हॉट पॅक सगळ्यात साधा दिसतो आणि भाजण्याच्या घटनाही त्यात होतात. पाणी साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअस असतं, म्हणून टॉवेलच्या सहा ते आठ घड्या आणि १५ ते २० मिनिटं. पाच मिनिटांनी पॅक उचलून कातडी पाहायची: एकसारखी गुलाबी चालते, ठिपकेदार लाल-पांढरी दिसली तर लगेच काढा. पेशंट पॅकवर झोपला की घड्या दाबल्या जातात, उष्णता वाढते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्याला 'गरम लागतंय का' विचारून उपयोग नाही, आधी थंड-गरम ओळखतो का ते तपासावं लागतं.

अल्ट्रासाउंडमध्ये १ मेगाहर्ट्झ खोलवर, सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत. ३ मेगाहर्ट्झ वरच्या एक-दोन सेंटिमीटरपर्यंत. उष्णतेसाठी यंत्राच्या डोक्याच्या परिणामी क्षेत्राच्या दुप्पट जागेवर सुमारे पाच मिनिटं. विद्यार्थी तेवढ्याच छोट्या डोक्याने सगळी कंबर फिरवतात आणि वेळ तोच ठेवतात, मग उष्णता कुठेच पुरेशी पोचत नाही. कर्करोगाची जागा, गरोदरपणात पोट आणि कंबर, डोळे, रक्ताची गुठळी असलेली शीर, यांवर यंत्र लावायचं नाही. ही यादी परीक्षेत आणि रोजच्या कामात दोन्हीकडे कामी येते.

मज्जासंस्थेच्या सेमिस्टरमध्ये एक गोष्ट मनात कोरून ठेवा. पाठीच्या कण्याला सहाव्या वक्षीय मणक्यावर किंवा वर इजा झालेल्या पेशंटला अचानक जोराची डोकेदुखी, घाम, लाल चेहरा आणि रक्तदाब खूप वाढलेला दिसला, तर ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया आहे. त्याला ताबडतोब बसतं करायचं, आडवं झोपवायचं नाही. कपडे, पट्टे सैल करायचे, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का पाहायचं, मदत बोलवायची. पक्षाघात झालेल्यांना चक्कर आली की झोपवण्याची सवय लागलेली मुलं इथे उलटं करतात.

नोंदी: लिहिलं नाही तर झालंच नाही

सोप (SOAP) या नोंदीच्या पद्धतीत पेशंट काय म्हणाला, तुम्ही काय पाहिलं-मोजलं, त्याचा अर्थ आणि पुढे काय, अशी नोंद असते. 'पेशंटने व्यायाम छान केले' या वाक्याने विमा कंपनी पैसे देत नाही. 'उजवा गुडघा ० ते ९५ अंश, मागच्या वेळी ८८. चार पायऱ्या कठड्याला धरून, एकदा तोल जाताना किमान मदत. जिना उतरताना वेदना १० पैकी ४' असं लिहिलं तर प्रगती दिसते. 'किमान मदत' म्हणजे काम पेशंटने तीन चतुर्थांश किंवा जास्त स्वतः केलं. हे शब्द सगळीकडे याच अर्थाने वापरायचे असतात. तिसऱ्या भागात नवं निदान लिहायचं नाही. थेरपिस्टच्या उद्दिष्टांकडे पेशंट कसा सरकतोय, एवढंच तिथे येतं.

मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, बिल दिलेल्या मिनिटांवर चालतं: ८ ते २२ मिनिटांना एक युनिट, २३ ते ३७ ला दोन, ३८ ते ५२ ला तीन. ७ मिनिटं दिलीत तर युनिट नाही. २०२२ पासून असिस्टंटने दिलेल्या बाह्यरुग्ण सेवेला मेडिकेअर ८५ टक्केच देते, आणि त्यासाठी बिलावर वेगळी खूण लागते. २०२५ च्या सुरुवातीपासून खासगी क्लिनिकमध्ये थेरपिस्ट त्याच जागी हजर असण्याची मेडिकेअरची अट शिथिल झाली आहे. राज्याचा नियम त्याहून कडक असेल तर राज्याचा चालतो.

क्लिनिकल

पूर्ण वेळ क्लिनिकल साधारण पंधरा-सोळा आठवड्यांचं असतं, दोन किंवा तीन ठिकाणी विभागलेलं, आणि पगार नसतो. त्या काळात नोकरी ठेवता येत नाही, मुलांच्या शाळेच्या वेळा आणि घरातलं सगळं आधी बसवावं लागतं. जागा कॉलेज ठरवतं, पाऊण-एक तासाचं ड्रायव्हिंग गृहीत धरा. गाडी नसेल तर हा कोर्स न्यू जर्सीतसुद्धा जवळपास अशक्य आहे.

तिथे मुलं ज्ञानामुळे फारशी अडत नाहीत. अडतात ती पेशंटला सोप्या इंग्रजीत, छोट्या आज्ञांमध्ये सांगता न आल्यामुळे. ऐकू कमी येणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईला एका दमात चार सूचना दिल्या तर ती गोंधळून हालचालच थांबवते. एक सूचना, मग थांबणं, मग दुसरी. आणि आपल्याकडच्या अदबीच्या सवयीने मुलं मार्गदर्शकाला प्रश्न विचारत नाहीत. अमेरिकेत ते 'रस नाही' म्हणून मूल्यमापनात लिहिलं जातं. दिवसाअखेर दोन ठोस प्रश्न विचारायचेच, असं ठरवून घ्या.

लायसन्सची परीक्षा

एफएसबीपीटी ही राज्य बोर्डांची संघटना एनपीटीई परीक्षा घेते, पीटीएची वेगळी असते. वर्षातून चार ठरलेल्या वेळा, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. चार भाग, चार तास, पर्यायी प्रश्न. काही प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचणीचे असतात आणि त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. गुण २०० ते ८०० च्या पट्टीवर, ६०० ला पास. बारा महिन्यांत तीनच प्रयत्न, आयुष्यात सहा. दोनदा ४०० किंवा खाली आलात तर पुढे बसता येत नाही, म्हणून 'बघू तरी कशी असते' म्हणून जाऊ नका. राज्य कायद्याची छोटी परीक्षा काही राज्यांत वेगळी असते.

अनेक प्रश्न 'पीटीएने सर्वप्रथम काय करावं' अशा स्वरूपाचे. गुडघा बदलल्यानंतर चौथ्या दिवशी पेशंटची एक पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखरी आहे; यादीत टाच सरकवणं आणि चालणं आहे. इथे व्यायाम थांबवा, पोटरी चोळू नका, थेरपिस्ट आणि नर्सला लगेच कळवा, कारण ही रक्ताची गुठळी असू शकते. त्याच पेशंटला स्ट्रेचिंगच्या शेवटी १० पैकी ३ दुखत असेल तर थेरपिस्टकडे धावायचं कारण नाही. जोर थोडा कमी करून पुढे चला आणि लिहून ठेवा. प्रत्येक उत्तरात 'थेरपिस्टला कळवा' निवडणारी मुलं जवळपास तेवढेच गुण घालवतात जेवढे स्वतःच आराखडा बदलणारी. तयारीला आठ ते दहा आठवडे ठेवा आणि एफएसबीपीटीची पीट नावाची सराव परीक्षा शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

बीपीटी झालेल्यांसाठी

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून किंवा इतर कुठून बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची बॅचलर्स डिग्री, केलेले बरेच मराठी फिजिओ अमेरिकेत आल्यावर विचारतात की पीटीए लवकर होता येईल का. काही राज्यं परदेशी फिजिओला एफसीसीपीटी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यमापनानंतर पीटीएच्या परीक्षेला बसू देतात, काही राज्यं फक्त कॅप्टीची डिग्रीच मान्य करतात. आपल्या राज्याच्या बोर्डाचं पत्र हातात घेतल्याशिवाय पैसे भरू नका. मूल्यमापनात काही क्रेडिट कमी पडणं नेहमीचं आहे, आणि टोफेलही लागू शकतं. शक्य असेल तर ती क्रेडिट भरून थेट फिजिकल थेरपिस्टचं लायसन्स घेणं जास्त बरं. पीटीए झालात तर भारतात तपासणी करून निदान देण्याची सवय पूर्ण बाजूला ठेवावी लागते. ती सवय नोंदीत उमटली तर लायसन्सवर कारवाई होते.

पीटीए होऊन पुढे थेरपिस्ट व्हायचं असेल तर हे लक्षात ठेवा: थेरपिस्टची डिग्री आता डॉक्टरेट पातळीची आहे, आणि पीटीएचे तांत्रिक विषय त्यात सहसा धरले जात नाहीत. ओहायोतल्या फिंडले विद्यापीठासारखे पीटीएला थेरपिस्टच्या डिग्रीपर्यंत नेणारे खास ब्रिज कोर्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. दूरचं ध्येय डॉक्टरेटचं असेल तर रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि बॅचलर्सची वाट आत्तापासून धरा. रोज पेशंटबरोबर हाताने काम करायचं ध्येय असेल तर पुढच्या सत्रासाठी ॲनाटॉमी भाग १ ला नाव नोंदवा, निरीक्षणासाठी दोन ठिकाणी फोन करा आणि लसीकरणाचे कागद काढून घ्या.